विसाजीपंतांनी उखाण्यांत आपले नाव घातले त्याची हकिकत

श्री.

प्रथम नमन गजाननास, ज्याचे नाव प्रत्येक कार्यारंभी फुकट घेतले जाते आणि तो बापडा एक अक्षर बोलत नाही. दुसरे नमन त्या समस्त मंडळींस, ज्यांस सरकारची चाकरी आहे, दोन वेळचे अन्न आहे, तरी दिवसाची चाकरी आटोपल्यावर आपला म्हणोन काही वेगळा उद्योग करावा, चार पैसे गाठीस बांधावे आणि चारचौघांत नाव व्हावे ही खाज ज्यांची जात नाही. त्यांस दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसे जे, शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजित्‌नाम संवत्सरी, एका राज्यात हे वर्तमान घडले. राज्याचे नाव कोणी विचारू नये. एका नावाने केवढा गोंधळ माजला तेच तर पुढे सांगावयाचे आहे, त्यात आणखी एकाची भर कशास?

त्या राज्याच्या धान्याच्या कोठीवर विसाजीपंत म्हणोन कारकून होते. गाड्या येत, आणि पंत धान्य मापून घेत, आणि पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणावे हा मोजणीचा रिवाज, तो ऐशा खणखणीत गळ्यावर पाळीत की गाडीवान बैल सोडण्याचे विसरोन ऐकत उभे राहत. यांचे कुटुंब सगुणाबाई, हातास चव आणि जिभेस धार, दोन्ही बहुत. घर लहान, दोघेच जण, आणि खाऊन पिऊन सुखी होती. तो एके दिवशी शेजारच्या सोनाराकडे नवी सून आली आणि उंबरठ्यावर तांदळांचे माप ठेवोन बायकांनी तीस अडविले की, नाव घे, मग माप लवंड, मग आत ये. आता त्या राज्यातही आपल्यासारखेच होते. बायकोने नवऱ्याचे नाव एरवी तोंडातून काढू नये, काढणे तर उखाण्यात बांधोन चारचौघींत काढावे. सून बिचारी लाजली, पाठ केलेले विसरली, आणि रडू फुटावयाचे तेवढे बाकी राहिले. पंत भिंतीशी उभे होते, त्यांणी हळूच दोन ओळी सांगितल्या, सुनेने म्हटल्या, बायका म्हणाल्या, "अगबाई, केवढा गोड!" आणि सोनाराने संतोषोन नारळ आणि खण पंतांच्या घरी पाठविला. झाले! पंतांस रात्री झोप लागेना. सगुणाबाईस म्हणाले, "अगं, दोन ओळींचा नारळ मिळाला, पोतेभर मोजून सरकार काय देते?" बाई म्हणाल्या, "खण माझ्या अंगाचा होईल, तेवढे पाहा, आणि निजा."

मग पंत सायंकाळी कोठीवरून सुटल्यावर उखाणे करू लागले आणि लोक नेऊ लागले. इतक्यात त्या गावी उदेभानबुवा म्हणोन एक गृहस्थ आले. हे पूर्वी कापडावर ठसे उमटविण्याचे काम करीत. ते सोडोन आता लोकांस नाव कसे करावे हे शिकवीत हिंडत, आणि स्वतःचे नाव मात्र दर गावी थोडे बदलोन सांगत, असो. बुवा पंतांच्या ओटीवर बसले, पोहे खाल्ले, पुन्हा मागितले, आणि बोलले की, "पंत, सोनार दागिन्यावर खूण उठवितो, कासार भांड्यावर नाव घालतो, आणि तुमचा माल बिनखुणेचा गावभर हिंडतो! उद्या कोणी ऐरागैरा उठेल आणि म्हणेल माझाच. तुमचे नाव त्यात घाला." पंत म्हणाले, "बुवा, उखाण्यात नाव असते ते नवऱ्याचे. माझे कोठे बसवू?" बुवा म्हणाले, "अगदी शेवटी. शेवटचे तेच कानात राहते." आणखी बुवांनी सांगितले की, साधे पागोटे टाका, पोपटी बांधा, लांबोन ओळखू यावे, आणि ज्या घरी आत्या-मावश्या बहुत आणि बोलक्या, त्यांस पहिला उखाणा फुकट द्या, बाकीचे काम त्या करतील. पंतांस हे सारे पटले. मनुष्यास आपल्या नावाची गोष्ट पटावयास वेळ लागत नाही.

मग पंतांनी पोपटी पागोटे बांधिले, आणि प्रत्येक उखाण्याचे शेपूट 'विसाजी म्हणे' ऐसे ठरविले. 'मंडपात जमले सोयरे-पाहुणे, अमुकरावांचे नाव घेते, विसाजी म्हणे.' 'केळीच्या पानावर डाळिंबाचे दाणे, अमुकरावांचे नाव घेते, विसाजी म्हणे.' हे लोकांस ऐसे आवडले की काय सांगावे! मुली आडावर म्हणत, जात्यावर म्हणत, आणि शेवटच्या दोन शब्दांस साऱ्या मिळोन ओरडत. मागणी वाढली, तेव्हा प्रत्येकीचा वेगळा करावयास सवड कोठली? पंतांनी आगाऊच चिठ्ठ्यांवर लिहोन ठेविले, नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी सोडोन, की ज्याचे असेल त्याचे घालावे. साधा, ठसक्याचा आणि नथीचा ऐसे तीन प्रकार केले; नथीचा म्हणजे नथ घालोन म्हणण्याजोगा, त्यास किंमत अधिक. एक खोड मात्र लागली, की शेपूट ठरलेले म्हणोन वरची ओळही तैशीच संपली पाहिजे. त्यामुळे राज्यातील झाडोन साऱ्या नवऱ्या दाणे, लेणे, चांदणे आणि गाणे यांच्या पलीकडे जात ना. एका हलवायाने येऊन म्हटले, "पंत, आमच्या घराण्याचे नाव बर्फीवर आहे, बर्फी घाला." पंतांनी 'बर्फीचे खाणे' करोन दिले आणि तो खूश होऊन गेला. कोठीवर मात्र पंत 'लाभ' म्हणोन थांबत आणि पुढे 'दोन' म्हणावयाचे ते 'तोरणे' म्हणत, आणि गाडीवान पुन्हा पहिल्यापासोन मोजा म्हणोन कटकट करीत.

आणि पैसा आला हे खरे. सगुणाबाईस पाटल्या झाल्या, ओटीवर फरसबंदी झाली. परंतु बाईंची मर्जी दिवसेंदिवस उतरत चालली, त्याचे कारण लिहितो. संक्रांतीस बाईंनी हळदीकुंकू मांडले. आदल्या दिवशी पंतांस म्हणाल्या, "अहो, साऱ्या गावास देता, उद्या बायका मला नाव घ्यावयास लावतील, मला एक नवा करोन द्या की." पंत पोपटी पागोटे झटकीत होते. म्हणाले, "अगं, त्या फळीवर आहेत ना केलेले, त्यातला एक घे. नथीचा घे हवे तर." बाई तिळगूळ वळावयास गेल्या. दुसरे दिवशी बायकांनी आग्रह केला, आणि बाईंनी फळीवरचा उखाणा घेऊन, रिकाम्या जागी नवऱ्याचे नाव घालोन म्हटला. तो कसा जाहला? 'तुळशीच्या अंगणात पडले चांदणे, विसाजीरावांचे नाव घेते, विसाजी म्हणे!' बायका हसोन हसोन एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक म्हणाली, "बाई गं, पुढेही तेच आणि मागेही तेच!" दुसरी म्हणाली, "आणि तसे म्हटले तर सगुणाबाई, तुझ्या नवऱ्याचे नाव आम्ही सगळ्यांनीच घेतले आहे, तुझ्यात विशेष ते काय?" बाई वरवर हसल्या, तिळगूळ वाटला, बायका वाटेस लागल्या. मग बाई माजघरात जाऊन बहुत रडल्या, आणि पंत घरी येताच म्हणाल्या, "आजपासोन तुमचे नाव माझ्या तोंडी येणार नाही. उखाण्यातसुद्धा नाही. राज्यात बायका पुष्कळ आहेत, त्या घेतील." पंतांस वाटले, दोन दिवसांचा राग. तो राग वैशाख आला तरी तैसाच.

वैशाखात महाराजांचे लग्न निघाले. महाराजांचे नाव येथे लिहीत नाही, कारण ते घेण्याचा हक्क एकीचाच. महाराजांच्या आत्यासाहेब, तोंडाच्या बहुत मोकळ्या, त्यांणी पंतांस बोलावोन आज्ञा केली की, "नव्या राणीसाहेबांस उंबरठ्यावर म्हणावयास उखाणा हवा. विसाजीचाच हवा, दुसऱ्याचा लोक ऐकत नाहीत. देणेघेणे काही मिळणार नाही हो, परंतु राजवाड्यात म्हटला गेला म्हणजे तुमचे केवढे नाव होईल!" पंत तर लोटांगण घालावयाचे ते राहिले. घरी जाऊन पोपटी पागोटे जरीकाठी करविले आणि उखाणा केला, 'राजवाड्याच्या दारी मोतियांचे लेणे, अमुक महाराजांचे नाव घेते, विसाजी म्हणे.' तो दासीच्या तोंडी नवरीकडे माहेरी धाडला. आता पाहा चूक कैशी जाहली. नवरी मुलगी सालस, रिवाज पाळणारी. लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याचे नाव घेणे म्हणजे केवढी लाज! सबब ती सराव करताना नावाच्या जागी नुसते 'अं अं' करी, आणि शेपूट मात्र सख्यांसंगे मोठ्याने म्हणे. महिनाभर सराव जाहला. त्या मुलीच्या जिभेवर त्या उखाण्यातले एकच नाव पक्के बसले, आणि ते कोठीवरच्या कारकुनाचे.

लग्न लागले, आणि सायंकाळी वरात राजवाड्याच्या दारी आली. आत पंगतीची पाने मांडली होती, जिलेबी कढईतून निघत होती, आणि हे लिहिणार स्वतः तिसऱ्या पंगतीच्या आशेवर दारापाशी उभा होता, त्यास सारे ऐकू आले. उंबरठ्यावर चांदीचे माप, त्यात तांदूळ, आणि ते कोठीतून आणोन आपल्या हाते ठेवणारे विसाजीपंत जरीकाठी पोपटी पागोट्याने तेथेच बाजूस उभे, की आपले नाव राजवाड्यात गाजेल ते कानांनी ऐकावे. आत्यासाहेब म्हणाल्या, "नाव घ्या, सूनबाई." राणीसाहेबांनी मान खाली घातली, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "राजवाड्याच्या दारी मोतियांचे लेणे," आणि जागा रिकामी आली, आणि क्षणभर थांबल्या, आणि जिभेवर जे होते ते निसटले, "विसाजीरावांचे नाव घेते..."

नगारा थांबला. आत्यासाहेबांच्या हातातले तबक खणकन पडले. राणीसाहेब पांढऱ्याफटक. साऱ्या वरातीने वळोन पोपटी पागोट्याकडे पाहिले, आणि पंतांस त्या क्षणी जन्मात पहिल्याने वाटले की आपणांस कोणी ओळखू नये तर बरे. महाराज हळू आवाजात म्हणाले, "काय हो पंत, हे काय आहे?" पंत पागोटे सावरीत म्हणाले, "महाराज, ती... ती माझी खूण आहे. मालावरची." महाराज म्हणाले, "आमची राणी तुमचा माल आहे?" पंत मापाशेजारीच खाली बसले.

मग राजपुरोहित शास्त्रीबुवांस विचारिले की आता कैसे करावे. शास्त्रीबुवांस भूक लागली होती, तरी त्यांणी विचार करोन सांगितले की, "उंबरठ्यावर घेतलेले नाव वाऱ्यावर सोडता येत नाही. ज्याचे नाव निघाले त्याच्या धर्मपत्नीने येथे येऊन, ते आपले म्हणोन चारचौघांत घ्यावे, म्हणजे राणीसाहेबांचे तोंड मोकळे होईल आणि त्या दुसरे नाव घेऊन आत येतील." महाराज म्हणाले, "आणि तिने न घेतले तर?" शास्त्री म्हणाले, "तर ते नाव बेवारस. ते सरकारात जमा करावे, आणि या गृहस्थास पुन्हा कोणी त्या नावाने हाक मारू नये." महाराज म्हणाले, "ठीक. ऐसेच होईल. आणि कोठीवरची जागाही जाईल. बिननावाचा कारकून मी कोठे ठेवू?" पंत हे ऐकोन दीनवाणे जाहले, कारण संक्रांतीपासोन घरी काय चालले होते ते त्यांचे त्यांस ठाऊक.

सगुणाबाई मुदपाकखान्यात पुऱ्या लाटावयास आल्या होत्या. त्यांस बोलाविले. त्या पिठाच्या हातांनीच आल्या आणि पदर सावरोन उभ्या राहिल्या. आत्यासाहेबांनी सारे सांगितले. बाई म्हणाल्या, "मी नाव न घेण्याचे ठरविले आहे." वरातीत कुजबूज सुरू जाहली. पंत हात जोडोन म्हणाले, "अगं, असे काय करतेस? माझे नाव जाईल!" बाई म्हणाल्या, "कोणते? ते आडावरचे, जात्यावरचे, हलवायाकडचे? मला कोठे मिळाले होते ते, गेले तर मला काय त्याचे?" पंत डोळे भरोन म्हणाले, "सगुणे, फळीवरचा दिला तो मी चुकलो. तुझ्यासाठी करावयास बसलो असतो तर मला जमलाच नसता. त्यात काय घालावे तेच मला ठाऊक नव्हते." बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आधी ते पागोटे उतरवा." पंतांनी उतरविले. टक्कल दिसले. बाईंस हसू आले ते त्यांणी ओठात दाबले, हात कमरेवर ठेविला आणि म्हटले,

"साऱ्या राज्यास वाटले आंबे, माझ्या ताटी बाठ,
विसाजीरावांचे नाव घेते, घरी माझ्याशी गाठ!"

काय सांगावे मंडळी, ऐशी हशाची लाट उठली की वरातीचे घोडे बुजले! भोई हसले, मशालजी हसले, शास्त्रीबुवा भूक विसरोन हसले, आणि महाराज उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "पंत, शिक्षा आम्ही द्यावयाची राहिलीच नाही." आणि साऱ्यांच्या आधी राणीसाहेब शालूच्या पदराआड हसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि त्या सगुणाबाईस म्हणाल्या, "बाई, मलाही असा एक द्या ना." बाई म्हणाल्या, "असा देता येत नाही, राणीसाहेब. महाराजांविषयी तुम्हांस काय ठाऊक आहे ते सांगा." राणीसाहेब लाजोन म्हणाल्या, "काहीच नाही. आज अक्षता पडत होत्या तेव्हा त्यांस शिंक येत होती आणि त्यांणी ती कष्टाने दाबली, एवढेच पाहिले." बाई म्हणाल्या, "मग झाले की. तेच म्हणा." आणि राणीसाहेबांनी थोडा विचार केला आणि आपले आपण म्हटले,

"अक्षतांच्या गर्दीत शिंक दाबली नाकी,"

आणि पुढे महाराजांचे नाव पदवीसकट, एक अक्षर न अडखळता घेतले, आणि म्हणाल्या,

"नाव घेते आज, ओळख सारी बाकी."

महाराज चकित जाहले. म्हणाले, "तुम्ही पाहिलेत?" आणि कानापर्यंत लाल जाहले, आणि राणीसाहेबांनी माप लवंडले, तांदूळ आत पसरले, आणि त्या घरात आल्या. नगारा सुरू जाहला.

पंत खाली बसोन तांदूळ गोळा करू लागले, तो महाराज थांबले आणि म्हणाले, "पंत, एक राहिले. बाईंनी तुमचे नाव सोडविले. आता तुम्ही त्यांचे घ्या. साऱ्या राज्यास उखाणे देणारे तुम्ही, ऐकू तर द्या." पंत उभे राहिले. लोकांनी कान टवकारले, की आता हा काही नामी काढणार. पंतांनी तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. दाणे नाहीत, चांदणे नाही, काही सुचेना. मग ज्या गळ्याने कोठी दणाणत होती तो गळा अगदी बारीक करोन म्हणाले, "सगुणाबाईंचे नाव घेतो." आणि पुढची ओळ येईना, आणि लोक वाट पाहत राहिले, आणि पंतांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि कोणी हसले नाही. सगुणाबाईंनी पुढे होऊन पिठाच्या हाताने त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "पुरे. तेवढ्यातच उखाणा बसला. जेवावयास चला, जिलेबी निवते आहे."

एवंच, पंतांची कोठीवरची जागा राहिली आणि पागोटे राजवाड्याच्या माळ्यास दिले. उदेभानबुवा त्याच रात्री दुसऱ्या राज्यात गेले. उखाणे पंतांच्या ओटीवर अजून मिळतात, परंतु तयार ठेवीत नाहीत, सगुणाबाई आधी मुलीस विचारतात, "त्याचे तुला काय ठाऊक?" आणि काही मुली 'पाहोन येते' म्हणोन माघारी जातात आणि काही दिवसांनी हसत येतात. महाराज आणि राणीसाहेब सुखी आहेत, शिंक आली तर दोघेही हसतात. लिहिणारास त्या रात्री तिसऱ्या पंगतीत निवलेली जिलेबी मिळाली, तरी गोड लागली. हे जैसे पाहिले तैसे लिहिले. लिहिणाराने खाली आपले नाव घालावयास लेखणी उचलली होती, ती सगुणाबाईंचा चेहरा आठवोन खाली ठेविली. इति.